पाणमांजरांचं पहिलं पाणी

हळदीचा डाग जात नाही, हे सांगलीच्या बाजारात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. श्यामकांतरावांनी तर त्या बाजारात उभा जन्म काढलेला. हळकुंड मोडून नाकाशी धरलं की माल कुठला, किती जुना, पेवात ओल लागली होती का, सगळं डोळे मिटून सांगणारा माणूस. अशा माणसानं जर्मनीत जाऊन नको तिथं हळद ओतावी आणि वर "मला काय ठाऊक ती राहील म्हणून" असं म्हणावं, याला काय म्हणायचं सांगा! त्यांच्या सुनेनं, अहिल्येनं, कपाळाला हात लावला. "अहो बाबा, तुम्ही म्हणजे ना..." एवढं म्हणून ती थांबली, कारण पुढचं सासऱ्याला म्हणता येत नाही.

पण असं मधूनच सुरू करून चालायचं नाही. आधी गाव बघा.

एर्लांगेनहून आगगाडी निघाली की शहर पटकन संपतं आणि तळी सुरू होतात. एकामागून एक, कार्प माशांची. त्या तळ्यांमध्येच कुठंतरी हासलवाइहर नावाचं गाव आहे. एक चर्च, एक बिअरचा जुना कारखाना, एक बेकरी, आणि गावाच्या मानानं जरा मोठंच म्हणावं असं बर्फाचं मैदान. मैदानाला वर छप्पर आहे, भिंती मात्र तीनच. चौथी बाजू तळ्याकडे उघडी. ऑक्टोबर लागला की संध्याकाळी तळ्यावरचं धुकं त्या उघड्या बाजूनं आत येतं आणि बर्फावर पसरतं. मग खेळणाऱ्या पोरांचे पाय दिसेनासे होतात. नुसती धडं आणि डोकी इकडून तिकडे तरंगत जातात, काठ्यांचा आवाज कुठून येतो ते कळत नाही. श्यामकांतरावांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं, आपण बाकावर बसल्या बसल्या झोपलोय.

या मैदानावर गावातल्या मुलांची आइस हॉकीची टीम खेळते. टीमचं नाव ओटर, म्हणजे पाणमांजरं. आणि या पाणमांजरांची गोलकीपर म्हणजे श्यामकांतरावांची नात, उर्जा. अकरा वर्षांची. अंगावर इतकं सामान चढवायची की आत पोरगी आहे की गादी, हे सांगणं कठीण. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजोबांनी विचारावं, "जेवलीस का गं?" आणि तिनं म्हणावं, "या, या, शोन," हो हो, केव्हाच, अशा अर्थाचं काहीतरी. मग आजोबांनी तोंडाकडे बघून ओळखायचं, जेवलीय की नाही ते.

श्यामकांतरावांचा मुलगा अनिमेष एर्लांगेनला दवाखान्यांतली यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. घर इथं स्वस्त मिळालं म्हणून हे लोक या गावात आले, आणि गावात करायला दुसरं काहीच नाही म्हणून पोरगी बर्फावर गेली. सुरुवात इतकी साधी. पण त्या गावाची एक रीत होती, आणि सगळी भानगड तिथंच झाली.

रीत अशी की, दर वर्षी ऑक्टोबर सरता सरता सरावाचा जुना बर्फ काढून मॅचेससाठी नवा धरायला घेतात. यंत्रं खालची फरशी गार करतात, तिच्यावर पांढरा रंग मारतात, मग थरावर थर पाणी सोडतात. पण त्यातलं पहिलं पाणी नळीनं सोडायचं नाही. टीममधल्या प्रत्येक पोराच्या घरातलं सगळ्यात मोठं माणूस, आजी नाहीतर आजोबा, घरच्या नळाचं पाणी बादलीत घेऊन येतं आणि आपलं पोर जिथं खेळतं तिथं ओततं. कुणी मध्यावर, कुणी कडेला. गोलकीपरचं पाणी गोलात. ज्याच्या घरचं पाणी बर्फात, तो पाणमांजर. त्याशिवाय बाकी सगळं असलं तरी काहीतरी राहिलंच.

उर्जाचं दोन वर्षं तसं राहिलं होतं. शेजारच्या फ्राऊ ल्योफलर बिचाऱ्या तिच्या वतीनं बादली ओतून यायच्या. चांगल्या बाई, पण शेवटी उसनी आजी ती. मागच्या वर्षी उर्जानं फोनवर सांगलीला तोंड फुगवून हे सांगितलं, अर्थात जर्मनमध्ये, आणि अहिल्येनं मराठी केलं. फोनच्या त्या टोकाला अरुंधतीबाई होत्या, श्यामकांतरावांच्या पत्नी. त्यांनी शेंगा सोलता सोलता म्हटलं, "एवढंच ना? पुढच्या वर्षी मी येते. तुझं पाणी मी घालणार. दिला शब्द."

शब्द दिला की दिला, अशी बाई ती. पासपोर्ट काढून घेतला, जाड मोजे विणायला घेतले. आणि मार्गशीर्षात साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या. एक मोजा पुरा झाला होता, दुसरा टाचेपर्यंत आला होता.

म्हणून श्यामकांतराव आले होते. त्यांना जर्मनी बघायची हौस नव्हती, गुडघे बोलत होते, थंडीचं तर नावच काढू नका. पण बायकोचा शब्द त्यांच्याकडे राहिला होता. तीन महिन्यांचा व्हिसा, सामानात दोन स्वेटर, मेतकूट, आणि हातातल्या पिशवीत स्टीलची एक डबी. डबीवर कोरलेलं होतं 'सौ. अरुंधती'. आत अरुंधतीबाईंनी शेवटची दळलेली हळद.

ही हळद म्हणजे बाजारातली नव्हे. सांगलीजवळच्या हरिपूरला श्यामकांतरावांच्या घराण्याचं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेली कोठी. वरून माणूस उतरेल एवढं तोंड, आत अंधार, आणि अंधारात वर्षानुवर्षं टिकणारी हळद. नदीच्या पुरात बाकीची पेवं खचली, यांचं कसंबसं राहिलं. अरुंधतीबाई दर वर्षी त्यातली हळकुंडं स्वतः निवडून दळायच्या. कुणाला कापलं, खरचटलं, सर्दी झाली, लग्न ठरलं, की ती डबी निघायची. उर्जा पाचेक वर्षांची असताना हरिपूरच्या घाटावर पडून गुडघा फोडून आली, तेव्हा आजीनं हीच डबी उघडून हळद दाबली होती. पोरगी किंचाळली, मग गप्प झाली, आणि दिवसभर पिवळा गुडघा सगळ्यांना दाखवत फिरली.

इकडे आल्यापासून श्यामकांतराव रोज संध्याकाळी उर्जाबरोबर सरावाला जायचे. मांडीवर शाल, हातात थर्मास. मैदानाला लागून पोरांची कपडे बदलायची खोली आणि तिच्या भिंतीवर टीमचे फोटो, वर्षावर्षाचे. सगळ्या फोटोंत एक गोष्ट सारखी, गोलकीपर पुढं आडवा पडलेला. श्यामकांतराव फोटो बघत उभे राहिले की शोर्श यायचा. शोर्श म्हणजे बर्फ सांभाळणारा, तिथला आइसमाइस्टर. टोपी कधी न काढणारा, साठीचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्याला बोलायला माणूस हवा असायचा आणि श्यामकांतरावांना ऐकायला काहीही चालायचं. अहिल्या मध्ये उभी राहून भाषांतर करायची आणि थंडीनं पाय आपटायची.

शोर्शनं सांगितलं ते असं. फार पूर्वी इथं मैदान नव्हतं. कारखान्याचं तळं होतं. हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ कापून लाद्या करायच्या आणि टेकडीच्या पोटात खणलेल्या तळघरात रचायच्या, म्हणजे उन्हाळाभर बिअर गार.

"जमिनीच्या पोटात?" श्यामकांतराव मध्येच म्हणाले. "अगं, हे तर पेव! त्याला सांग, आमच्याकडेही असतं. तुमचा बर्फ, आमची हळद."

अहिल्येनं सांगितलं. शोर्श म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, आणि श्यामकांतरावांच्या पाठीवर अशी थाप मारली की चहा सांडला.

मग महायुद्ध संपलं आणि बोहेमियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, हाकललेली जर्मन माणसं गाड्यांवर गाठोडी घालून या गावात आली. भाषा जर्मनच, पण गावकऱ्यांना ती माणसं परकीच वाटली. ठेवून घेतलं, कारण वरून हुकूम होता. पोरं तळ्याच्या एका टोकाला गावची, दुसऱ्या टोकाला या लोकांची. मध्ये कुणी जायचं नाही. मग एका हिवाळ्यात तळं धड गोठेना. शाळेच्या मास्तरांनी कुरण आखलं, त्यावर पाणी सोडून बर्फ करू म्हणाले, तर आग विझवायचा पंप पहिल्याच दिवशी फुटला. झालं! पोरं रडकुंडीला आली. तेव्हा म्हणे एक आजी घरातून बादली घेऊन आली. मग दुसरी. गावच्या आल्या, तशा बोहेमियाच्याही आल्या; त्यांत शोर्शची आजी होती. रात्री सगळं गोठलं. सकाळी बघतात तो बर्फ एकच. यातलं माझं पाणी कुठलं आणि तुझं कुठलं, कोण सांगणार? मास्तर म्हणाले, ज्यांनी पाणी घातलं त्यांची पोरं खेळतील, आणि एकत्र खेळतील. तीच पहिली टीम. पुढं पक्कं मैदान झालं, यंत्रं आली, पोरं कमी पडायला लागली तेव्हा मुली आल्या, एका वर्षी एकूण एक मॅच हरले तरी बेकरीनं केक केलाच. पण पहिलं पाणी चुकलं नाही. आणि ओतलेलं पाणी परत काढायचं नाही, ज्याचं आहे त्या खेळाडूनं स्वतः सांगितल्याशिवाय.

श्यामकांतराव बाकावर जाऊन बसले. समोर धुकं आत येत होतं. त्यांचे डोळे मिटले असावेत, किंवा मिटलेही नसतील. फोटोंतली सगळी वर्षं एकदम बर्फावर उतरली. लोकरीच्या टोप्यांची पोरं, चामड्याच्या हातमोज्यांची, पहिल्या हेल्मेटांची, आणि मध्येच उर्जा. कुणी कुणाला धडकत नव्हतं. कडेनं म्हाताऱ्या बादल्या घेऊन चालल्या होत्या, आणि त्यांच्यात सगळ्यात मागं सुती साडीवर मफलर गुंडाळलेली एक बाई, एका पायात मोजा घातलेली. "अगं, पडशील," श्यामकांतराव म्हणाले. ती म्हणाली, "अहो, तुम्ही आपलं बघा. माझं पाणी घालायचंय." तेवढ्यात खेळातली रबरी चकती फळीवर आदळली आणि बर्फावर फक्त आजची पोरं उरली.

अशा मनःस्थितीत माणसानं बादली भरली, तर तो नुसतं पाणी भरेल का? तुम्ही सांगा.

पहिल्या पाण्याच्या दिवशी त्यांनी अंघोळ केली, कोरा सदरा घातला. निळी बादली नळाखाली धरली. आणि त्यांना ते पाणी बघवेना. कोरडं कपाळ असावं तसं नुसतं पाणी. शुभकार्याला आपल्याकडे कुणी नुसतं पाणी नेतं होय? म्हणून डबी उघडली. विचार चिमटीचा होता. पण चिमूट घातल्यावर वाटलं, हिनं असं मोजून कधी केलंय? हळदीला हात आखडलेला तिला खपायचा नाही. म्हणून डबी उपडी केली आणि वरून दोन टिचक्या मारल्या.

संध्याकाळ होत आली होती. दिवे अजून लागले नव्हते. आजी-आजोबांची रांग फरशीवर पाय जपत निघाली, बादल्यांतून वाफ निघत होती. श्यामकांतराव गोलापर्यंत गेले. उर्जा कठड्याच्या पलीकडे उभी होती, दोन्ही हात तोंडावर धरून. त्यांनी बादली तिरपी केली आणि पुटपुटले, "घे गं. आलीस बघ." पाणी पसरलं. उर्जा कठड्यावरून ओणवी झाली आणि त्यांच्या गळ्यात पडली. दिलेला शब्द पुरा झाला. त्या रात्री श्यामकांतराव घोरत झोपले.

दुसऱ्या दिवशी दिवे लागले आणि करायला गेलो गणपती, झाला मारुती!

पांढऱ्याशुभ्र बर्फात, बरोब्बर गोलाच्या तोंडाशी, पिवळा डाग. परातीएवढा, वरून सोडलेल्या प्रत्येक पाण्यात मिसळत थेट वरपर्यंत आलेला. आणि तुम्हीच विचार करा, पांढऱ्या बर्फात पिवळं काही दिसलं तर जगातल्या कुठल्याही पोराच्या डोक्यात पहिलं काय येईल? तेच आलं. एक पोरगं फिदी म्हणालं, मग दुसरं, मग सगळी टीम काठ्यांवर रेलून हसायला लागली. कुणीतरी विचारलं, भीतीनं झाली का गं? सगळं जर्मनमध्ये, पण असलं हसू कळायला भाषा लागत नाही.

उर्जा रडली नाही. तिनं सराव पुरा केला, हेल्मेटची जाळी वर केलीच नाही, आणि घरी येताना आजोबांच्या चार पावलं पुढं चालली. घरात शिरल्यावर आईला म्हणाली ते अहिल्येनं भाषांतर करायला नकोच होतं, पण श्यामकांतरावांनी विचारलं.

"ती म्हणते, फ्राऊ ल्योफलर आल्या असत्या तर बरं झालं असतं."

श्यामकांतराव खिडकीशी जाऊन बसले. वाईट फार वाटलं हो. बायकोचा शब्द पाळायला सातासमुद्रापार आले आणि तिच्याच हळदीनं नातीचं हसं केलं.

मग त्यांनी अहिल्येला डबी दाखवली, रिकामी. तिला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा तिनं खाली बसून घेतलं. "सगळी? आईंच्या हातची होती ती!"

"हो. आता त्या शोर्शला सांगायचं, डाग खरवडून काढ म्हणून."

"बाबा, मी उर्जाला सांगते. तिला माहीत असतं तर ती असं कधीच..."

"मुळीच नाही," श्यामकांतराव म्हणाले. "आजीच्या नावानं तिला गप्प बसवायचं? तिनं काय टोमणे खात उभं राहायचं, आजीची हळद म्हणून? पोरीवर ओझं नको. शपथ आहे तुला. अनिमेषलाही बोलू नकोस."

शोर्शनं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, आणि म्हणाला की हे बघा, रीत म्हणजे रीत, खेळाडूनं सांगायला हवं. उर्जाला बोलावलं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "वेग," ती म्हणाली. काढा. हा शब्द श्यामकांतरावांना तेवढ्यात शिकता आला. शोर्श म्हणाला, रविवारी पहिली मॅच आहे, त्याच्याआधी बर्फ उखडला तर नीट धरायचा नाही, सोमवारी काढतो. श्यामकांतरावांनी मान हलवली. पुढच्याच आठवड्यात त्यांचं विमान होतं. डाग निघाला की पोरगी निदान निरोप द्यायला विमानतळावर येईल, एवढीच आता त्यांची आशा.

रविवारी शेजारच्या मोठ्या गावाची टीम आली. बेकरीवाली केक घेऊन आली, अर्धं गाव बाकांवर बसलं. पहिल्या भागात उर्जा पिवळ्यावर उभी होती आणि समोरची पोरं नाकं दाबून दाखवत होती. तिनं त्यांना एकही गोल दिला नाही. रागात चांगली खेळते पोरगी, आजीवर गेलीय.

मग भाग संपला आणि बाजू बदलल्या. आता समोरच्यांचा गोलकीपर त्या डागावर आला, उंच, आडदांड पोरगा. बर्फावर पाय धरावा म्हणून सगळेच गोलकीपर आपली जागा बुटांच्या पात्यांनी खरवडून घेतात, त्यात काही वावगं नाही. पण यानं आपल्या लोकांकडे बघून डोळा मारला आणि नाचत नाचत त्या पिवळ्यावरच पाती घासायला लागला. खर्र, खर्र. बर्फाचा पिवळा चुरा उडाला.

आणि आयुष्यात कधी कुणावर आवाज न चढवलेले श्यामकांतराव उभे राहिले. शाल खाली पडली, थर्मास गडगडत गेला.

"हळू! अरे हळू रे बाबा! लागेल तिला!"

सगळं मैदान वळून त्यांच्याकडे बघायला लागलं. कुणाला काही कळलं नाही. कुणाला म्हणजे, अहिल्येला आणि अनिमेषला सोडून. अनिमेषनं बायकोकडे पाहिलं आणि तिनं मान दुसरीकडे वळवली. आणि बर्फाच्या पार दुसऱ्या टोकाला, जाळीमागं, आणखी एका जीवाला मराठी कळत होतं. उर्जानं हेल्मेट वर केलं आणि बराच वेळ आजोबांकडे बघत राहिली. लागेल? कुणाला?

तिसऱ्या भागात ती परत त्या डागावर आली. पाय घासण्यासाठी उचलला, आणि थांबली. बाकांकडे एकदा पाहिलं आणि जागा न खरवडताच उभी राहिली. पाय घसरत होते. त्याच घसरण्यात शेवटचा गोल बसला. पाणमांजरं हरली. थोडक्यात हरली, पण हरली. केक मात्र सगळ्यांनी खाल्ला.

घरी आल्यावर उर्जा स्वयंपाकघरात बसून स्केट्सची पाती पुसत होती. फडकं सरकलं आणि पातं अंगठ्यात घुसलं. रक्ताची धार लागली.

"हळद!" श्यामकांतराव ओरडले. "हळद दाब, हळद!" सवय हो, दुसरं काय. सात पिढ्यांची सवय. बोलून गेले आणि जीभ चावली.

अहिल्या पट्टी आणायला धावली. पण उर्जा तोवर उठली होती. खिडकीत ती डबी होती, वरचं नाव तिला वाचता येत नव्हतं तरी ओळखीचं होतं. तिनं एका हातानं झाकण उघडलं आणि आत पाहिलं.

"लेअर," ती म्हणाली. रिकामी.

श्यामकांतराव जमिनीकडे बघत राहिले. आजीची हळद कुठे गेली, असं तिनं जर्मनमध्ये विचारलं, आधी आजोबांना, मग आईला. दोघांनीही तोंड उघडलं नाही. शपथ होती ना. मग तिची नजर दाराशी पडलेल्या तिच्या सामानाकडे गेली. पायांना बांधायची पांढरी पॅड्स गुडघ्यावर पिवळी झाली होती. ती ते पिवळं बघत राहिली, मग डबीकडे, मग आजोबांकडे. रक्त टपटप खाली पडत होतं आणि तिला त्याचं भान नव्हतं.

खाली बसली, दुखरा अंगठा डबीत घातला आणि तळाच्या कडेनं हळूच गोल फिरवला. फटीत अडकलेली हळद निघाली, जेमतेम अंगठ्यापुरती. ती तिनं जखमेवर दाबून धरली. किंचाळली नाही. आईनं आणलेली पट्टी तिनं लावून घेतली नाही.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती मैदानावर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. श्यामकांतराव आले होते. म्हणाले, आपण ओतलं, निघताना आपण हजर असावं. अहिल्या बरोबर होती. धुकं लवकरच आत आलं होतं आणि शोर्श आपल्या यंत्रावर बसून गोलाकडे निघाला होता, खालचं पातं टेकवायच्या तयारीत.

तेवढ्यात पाठीवर दप्तर घेऊन उर्जा बुटांसकट बर्फावर उतरली. तसं कुणी उतरत नाही; शोर्श एरवी गावच्या महापौरावरही खेकसला असता. ती घसरत, सावरत गोलापर्यंत गेली आणि डागावर दोन पाय जोडून उभी राहिली. गुडघ्यांपर्यंत धुकं.

"ब्लाइब्ट," ती म्हणाली. राहू दे.

शोर्शनं यंत्र थांबवलं. परवा काढ म्हणालीस, आज राहू दे. आहे तरी काय ते? असं काहीतरी तो मोठ्यानं म्हणाला.

"माइनं ओमा," उर्जा म्हणाली.

माझी आजी. एवढं जर्मन श्यामकांतरावांना येत होतं. त्यांनी कठडा घट्ट धरला.

शोर्श खाली उतरला. त्यानं टोपी काढली, हे त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. मग तो गेला, बादलीभर स्वच्छ पाणी घेऊन आला आणि उर्जाला बाजूला करून त्या पिवळ्यावर हळूहळू ओतलं, पात्यांच्या खरवडीसुद्धा भरून निघतील असं. आता तिला कुणाचं पातं लागणार नाही, असं त्यानं खुणेनंच श्यामकांतरावांना सांगितलं.

उर्जा कठड्याशी आली. अंगठा अजून पिवळा होता. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द शोधून, एकेक जपून टाकत, ती मराठीत बोलली.

"आजोबा, आजी म्हणाली होती ना, येते. आजी आली."

श्यामकांतराव मटकन बाकावर बसले आणि भर मैदानात, शोर्शसमोर, सुनेसमोर, लहान पोरासारखे रडले. "आली गं बाई," ते म्हणत राहिले. "आली."